दुसऱ्यांदा जाणार कोण?

एसटीच्या मासिक पासाचं गणित आमच्या भागात शाळकरी पोरालाही पाठ असतं. वीस दिवसांचं भाडं भरायचं आणि तीस दिवस फिरायचं. तीन महिन्यांचा घेतला तर पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस. पोलादपूरहून महाडला रोज कामावर जाणारा माणूस पास काढताना एवढंच बघतो, की महिन्यात वीस दिवसांपेक्षा जास्त जाणं होणार आहे का. होणार असेल तर पास, नसेल तर रोजचं तिकीट. एकविसाव्या दिवसापासून प्रवास फुकट. तो एकविसावा दिवस येणार की नाही, हे त्याला पैसे मोजायच्या आधीच ठाऊक असतं.

थीम पार्कचा वार्षिक पास विकताना हा एकविसावा दिवस कुणी दाखवत नाही. जाहिरातीत वर्षभराची मौज असते, ‘कितीही वेळा या’ असं मोठ्या अक्षरांत असतं, आणि कोणत्या तारखांना यायचं नाही ते बारीक अक्षरांत. पासाच्या किमती जगभर चढत आहेत, आणि म्हणून आता तो परवडतो का, असा प्रश्न सगळीकडे विचारला जातोय. मला वाटतं, प्रश्न किमतीपाशी सुरू केला की उत्तर चुकतं. आधी विचारायला हवं की दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जाणार कोण, कुठून आणि कधी. त्यासाठी हा सगळा मामला पनवेल किंवा पुण्याहून न बघता उमरठहून बघू.

उमरठ म्हणजे नरवीर तानाजी मालुसऱ्यांचं गाव, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं थीम पार्क, इमॅजिका, तेही रायगड जिल्ह्यातच, खालापूर तालुक्यात, पाली-खोपोली रस्त्यावर. जिल्हा एक असला तरी एक गाव सह्याद्रीच्या कुशीत दक्षिण टोकाला आणि पार्क बोरघाटाच्या पायथ्याशी. मधे पोलादपूर, महाड, माणगाव, कोलाड, वाकण, पाली. एका बाजूचा प्रवास साधारण दीडशे किलोमीटर. २०११ पासून काम सुरू असलेला मुंबई-गोवा महामार्ग ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांना किलोमीटरवरून वेळ सांगता येत नाही. माणगावात कोंडी नसेल तर एक उत्तर, असेल तर दुसरं.

आधी पार्काची थोडी कुळकथा सांगायला हवी, कारण पास का विकला जातो ते तिच्यातच आहे. मनमोहन शेट्टी हे चित्रपटसृष्टीतलं नाव. ‘ॲडलॅब्स’ ही फिल्मवर प्रक्रिया करणारी लॅब त्यांनी वाढवली, वडाळ्याला आयमॅक्सचा घुमट उभा केला, पुढे तो व्यवसाय अंबानींना विकला आणि खोपोलीजवळ डोंगराच्या पायथ्याला ‘ॲडलॅब्स इमॅजिका’ उभारलं. एप्रिल २०१३ मध्ये ते उघडलं. पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं, मग हॉटेल, मग बर्फाचं दालन. ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर, मिस्टर इंडियाची राइड, बसल्या जागी देशावरून उडवून आणणारं ‘आय फॉर इंडिया’, हे सगळं पहिल्यांदा बघणाऱ्या मराठी माणसाला तोवर परदेशातल्या फोटोंतच दिसलेलं होतं. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, पण कर्जाचा बोजा उतरला नाही. मुंबई आणि पुणे अशी दोन मोठी शहरं हाताशी असूनही अपेक्षेएवढी माणसं येईनात. त्यात कोविड. अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहानं पार्क ताब्यात घेतलं. गाय छाप जर्दा ज्यांचा, त्याच घराण्याची ही गुंतवणूक. शिर्डी आणि लोणावळ्याचे ‘वेट अँड जॉय’ वॉटर पार्कही त्यांचेच, आणि पुढे ते इमॅजिकाच्याच कंपनीत आणले गेले. चिमूटभर तंबाखूवर उभा राहिलेला पैसा पोरांच्या पाण्याच्या घसरगुंड्यांपर्यंत पोहोचला, ही महाराष्ट्रातल्या भांडवलाची एक मजेशीर वाट आहे.

अशा पार्काचा खर्च माणसांच्या संख्येनुसार फारसा बदलत नाही. नायट्रोवर पन्नास माणसं आली काय आणि पाच हजार आली काय, रूळ तपासायलाच लागतात, वीज लागते, कामगारांचे पगार द्यावे लागतात, कर्जाचं व्याज सुटत नाही. म्हणून पार्काला दोन गोष्टींची भूक असते. एक म्हणजे आगाऊ रोख रक्कम आणि दुसरी मंगळवारी-बुधवारी येणारी माणसं. वार्षिक पास या दोन्ही भुका भागवतो. पैसे आज येतात, सेवा वर्षभर सावकाश द्यायची. पासवाला एकटा येत नाही, पाहुणे घेऊन येतो आणि पाहुण्यांची तिकिटं निघतात. आत जेवण होतं, लॉकर लागतो, गाडी लावायचे पैसे होतात. पास स्वस्त दिसतो तो या सगळ्याच्या भरवशावर.

ही युक्ती नवी नाही. वॉल्टर ऑय नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये डिस्नेलँडवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. प्रवेशाला पैसे घ्यावेत की प्रत्येक राइडला, का दोन्हीला थोडे थोडे, असा त्याचा प्रश्न होता. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हा प्रवेश एक डॉलर होता आणि राइडचे पैसे वेगळे. पुढे राइडच्या तिकिटांची पुस्तकं आली आणि १९८२ मध्ये ती बंद होऊन एकाच तिकिटात सगळं झालं. आपल्याकडे या प्रश्नाचं दुसरं टोक अजून जिवंत आहे. महाडला महाशिवरात्रीच्या सुमारास वीरेश्वराचा छबिना असतो, तिथे आकाशपाळणे लागतात, खेळण्यांची आणि खाऊची दुकानं लागतात. आत यायला पैसे नाहीत. ज्याला पाळण्यात बसायचं त्यानं पाळण्याचे द्यावेत. आजोबा नुसते फिरले, देवदर्शन केलं आणि परत आले तर त्यांचा खर्च शून्य. थीम पार्कात आजोबा झाडाखाली बाकावर बसून राहिले तरी त्यांना आत यायचं तिकीट लागतंच. सगळ्यांना एका तिकिटात कोंबलं की घरातली जी माणसं राइडवर बसणार नाहीत, ती बसणाऱ्यांचा खर्च वाटून घेतात. तीन पिढ्या मिळून सहलीला निघणाऱ्या कोकणी घराला हे जड जातं, आणि पासामुळे ते अधिकच जड होतं, कारण आजोबांचाही वर्षभराचा पास काढायचा का, हा प्रश्न उरतोच.

एका तिकिटात सगळं ही सवय मराठी माणसाला लावली ती एस्सेलवर्ल्डनं. १९८९ मध्ये गोराईला ते सुरू झालं, १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंग्डम आलं. मार्वेहून किंवा गोराईच्या धक्क्यावरून बोटीनं जायचं. लालबाग-परळच्या चाळींत राहणाऱ्या, गिरण्या बंद पडल्यानंतर मिळेल ते काम धरलेल्या कोकणी कुटुंबांसाठी एस्सेलवर्ल्ड ही एकदाच करायची गोष्ट होती. दहावी पास झाल्याबद्दल, किंवा गावाहून मामा-मामी आले म्हणून. त्याचा फोटो पुढे पंधरा वर्षं भिंतीवर राहायचा. वर्षातून चारदा तिथे जायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली नसती. कोविडनंतरच्या वर्षांत एस्सेलवर्ल्डच्या राइड थांबल्या, वॉटर किंग्डम मात्र चालू राहिलं. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

आता उमरठहून इमॅजिकाला जायचा हिशेब मांडू. आकडे सोयीचे धरतोय, वाचकानं आपले घालावेत. नवरा-बायको आणि दोन मोठी मुलं, एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट दीड हजार धरलं तर चौघांचे सहा हजार. भाड्याची गाडी, जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, किलोमीटरला पंधरा रुपये म्हणजे साडेचार हजार. जेवण, पाणी, लॉकर, पार्किंग मिळून दोन हजार, कारण घरची भाकरी आत नेऊ न देणं हा अशा पार्कांचा सर्रास नियम. एकूण साडेबारा हजार. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे नुसती चार तिकिटं ही एका माणसाची एकोणीस दिवसांची मजुरी.

पासाची किंमत एका तिकिटाच्या अडीचपट आहे असं धरलं तर चौघांचे पास पंधरा हजारांना. पास असूनही प्रत्येक खेपेला गाडी आणि खाणं मिळून साडेसहा हजार लागणारच. दोन खेपा केल्या तर पासासकट अठ्ठावीस हजार, आणि पास न काढता पंचवीस हजार. पास तोट्यात. तीन खेपा केल्या तर पासासकट साडेचौतीस हजार, पास न काढता साडेसदतीस. म्हणजे तीन हजार रुपये वाचवण्यासाठी साडेचौतीस हजार खर्च करायचे. पास दुप्पट किमतीला मिळाला तर दुसऱ्या खेपेला बरोबरी होते, तिसरीला फायदा. किमती वाढतात याचा खरा अर्थ हा, की बरोबरीची खेप पुढे सरकते. पण गाडीचा आणि खाण्याचा खर्च पासात कधीच मावत नाही. पार्कापासून जेवढं लांब राहाल तेवढा पास हा एकूण खर्चाचा लहान तुकडा होत जातो, आणि त्यावरची सवलत तेवढीच बिनमहत्त्वाची.

एसटीनं जायचं म्हटलं तर पैसे खूप वाचतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडं पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढलं तरी हिशेब एसटीच्याच बाजूनं राहतो. अडचण वेळेची. उमरठहून पोलादपूर, तिथून महामार्गाची गाडी, मग पालीकडे जाणारी, असं करत पोहोचेपर्यंत निम्मा दिवस सरतो आणि परतीचं त्याच दिवशी जमत नाही. मुक्काम आला की हिशेबाला नवीन रकाना लागतो.

पैशाचं एवढं झालं. मला मोठी अडचण वाटते ती दिनदर्शिकेची. वार्षिक पास म्हणतात, पण महाड-पोलादपूरच्या माणसाचं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं नसतं. जून ते सप्टेंबर आमच्याकडचा पाऊस. या पावसात २०१६ साली महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, २०२१ च्या जुलैत तळीये गावावर आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडीवर दरड आली. अशा दिवसांत मौजेसाठी मुलांना घेऊन तीनशे किलोमीटर कुणी निघत नाही, आणि निघालंच तर पावसात उंच राइड मधेच थांबवायला लागतात. सप्टेंबरच्या आसपास गणपती. मग भातकापणी. दिवाळीत घरी पाहुणे. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, त्यातच शिमगा, आणि शिमग्याला पालखी दारात येणार असताना कुणी गाव सोडत नाही. एप्रिल-मेमध्ये सुट्टी खरी, पण तेव्हाच लग्नं, घराची शाकारणी, पावसाआधीची राबांची कामं. उरतात डिसेंबर-जानेवारीचे काही रविवार. आणि नेमका नाताळचा आठवडा, मोठे शनिवार-रविवार हेच दिवस पासांच्या नियमांत जगभर वगळलेले सापडतात.

कुणी म्हणेल, उमरठचा माणूस पासाचा ग्राहक नाहीच, त्याचा भाऊ आहे. बरोबर. पोलादपूर तालुक्यातली निम्मी ओळख मुंबईत राहते. दिवा, नालासोपारा, कळंबोली, कामोठे. कामोठ्याहून इमॅजिका तासाभराच्या अंतरावर आहे. दुचाकीवरही जाता येतं. पगार नियमित, मुलं शहरातल्या शाळेत, रविवार मोकळा. अंतराच्या हिशेबानं पास काढायला याच्याइतका योग्य माणूस नाही. पण हा चाकरमानी आपली सुट्टी कुठे खर्च करतो? गणपतीचे पाच-सात दिवस गावी. शिमग्याला गावी. मे महिन्यात मुलं गावी. गावच्या मुंबई मंडळाची सभा एखाद्या रविवारी, क्रिकेटचे सामने दुसऱ्या रविवारी, गावातल्या कुणाची हळद आणि कुणाचं तेरावं उरलेल्या रविवारी. त्याच्याकडे आधीच एक ठिकाण आहे जिथे तो वर्षातून चार-पाच वेळा जातो, दर वेळी तेच बघतो आणि तरीही कंटाळत नाही. इमॅजिकाची स्पर्धा एस्सेलवर्ल्डशी किंवा लोणावळ्याशी आहे असं व्यवस्थापनाला वाटत असेल तर वाटो. मुंबईतल्या कोकणी कुटुंबापुरती ती गावाशी आहे. अमेरिकेत पास चालतो कारण तिथल्या उपनगरातल्या घराला शनिवारी जायला तसं दुसरं ठिकाण नसतं. महाराष्ट्रात पास अजून सवयीचा झाला नाही याचं कारण मला तिकिटाच्या दरापेक्षा इथे दिसतं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथलं थोडं बघायला हवं, कारण पास महाग केल्यावर काय होतं याचा मोठा प्रयोग तिथे होऊन गेलाय. ‘सिक्स फ्लॅग्ज’ ही टेक्सासमध्ये १९६१ साली सुरू झालेली साखळी. तिचे हंगामी पास इतके स्वस्त होते की पोरं दर शनिवारी तिथेच पडीक असत. २०२१ च्या अखेरीस आलेल्या नव्या प्रमुखांना हे पटेना. पार्क म्हणजे किशोरवयीन मुलांचं स्वस्त पाळणाघर झालंय, अशा अर्थाचं ते बोलले आणि त्यांनी पासाचे, तिकिटांचे दर चढवले. २०२१ मध्ये दोन कोटी सत्त्याहत्तर लाख खेपा झाल्या होत्या, त्या २०२२ मध्ये दोन कोटी पाच लाखांवर आल्या. एका वर्षात चौथाईहून जास्त घट. माणशी खर्च वाढला, पण माणसंच गेली. पुढे दर पुन्हा खाली आणायला लागले आणि २०२४ मध्ये सिक्स फ्लॅग्ज आणि दुसरी मोठी साखळी, सीडर फेअर, यांचं विलीनीकरण झालं. स्वस्त पासामुळे गर्दी होते, रांगा लागतात, पाहुणे वैतागतात, हे त्या प्रमुखांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दर शनिवारी येणारी ती पोरंच पार्काचा पाया होती, हे नंतर कळलं.

डिस्नेची गोष्ट उलट आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडनं जानेवारी २०२१ मध्ये जुना वार्षिक पास बंद केला आणि त्याच वर्षी नव्या नावानं आणला. सर्वांत वरचा पास १,३९९ डॉलरचा, त्यात वगळलेली तारीख एकही नाही असं सांगितलेलं. पण जायच्या आधी नावनोंदणी सक्तीची, आणि पासवाल्यांच्या वाट्याच्या जागा भरल्या की पार्क उघडं असूनही दार बंद. लोक कोर्टात गेले. डिस्नेनं ९५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, ते सुमारे एक लाख पासधारकांत वाटले तेव्हा माणशी सत्तर डॉलरही आले नाहीत. आज तिथला वरचा पास १,८९९ डॉलरचा आहे आणि त्यात नाताळचे दिवस वगळलेले आहेत. चार वर्षांत किंमत पाचशे डॉलरनं वाढली आणि हक्क आकसला. तरी लोक घेतात, कारण डिस्नेसारखं दुसरं त्यांच्याकडे नाही. पास परवडतो का हे विचारताना आपण फक्त वाढलेली किंमत बघतो, पण आकसलेला हक्क हीसुद्धा भाववाढच आहे आणि ती जाहिरातीत कधी येत नाही.

आपल्याकडे पासाच्या बारीक अक्षरांतल्या अटींचा अनुभव नुकताच गाडीवाल्यांनी घेतलाय. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास आला, तीन हजार रुपयांत राष्ट्रीय महामार्गावरच्या दोनशे फेऱ्या. त्या दरानं फेरीला पंधरा रुपये पडत होते, हिशेब सरळ, आणि महामार्गावर सारखं ये-जा करणाऱ्या खासगी गाडीवाल्याला तो नक्की परवडतो. पण भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला तो लागू नाही, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा असल्यामुळे तिथेही चालत नाही. हे ज्यांनी आधी वाचलं त्यांचे पैसे वसूल झाले, ज्यांनी वाचलं नाही त्यांना खालापूरच्या नाक्यावर कळलं.

मग पास घेतल्यावर माणूस जातो तरी किती वेळा? यावर थीम पार्कांपेक्षा व्यायामशाळांवरचा अभ्यास जास्त बोलका आहे. अमेरिकेतल्या डेलाव्हिन्या आणि माल्मेंडियर या दोघांनी २००६ मध्ये दाखवलं, की महिन्याला सत्तर डॉलरहून अधिक देऊन सदस्य झालेली माणसं महिन्यात सरासरी चार-सव्वाचार वेळा जातात. म्हणजे खेपेला सतरा डॉलर पडतात, आणि त्याच दारात दहा खेपांचा पास घेतला तर खेपेला दहाच डॉलर पडले असते. पुढच्या महिन्यात आपण जास्त जाऊ, असं प्रत्येक महिन्यात वाटत राहतं. त्याआधी १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर यांनी एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवर प्रयोग केला होता. काहींना पूर्ण किमतीला तिकीट दिलं, काहींना नकळत सवलत दिली. पूर्ण पैसे भरलेले पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या सहामाहीत दोघंही सारखेच. पैसे भरल्याची बोच सहा महिन्यांत बोथट होते, हे वार्षिक पास घेणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. पहिल्या चार महिन्यांत दोनदा जाणं झालं नाही तर पुढे होईल ही आशा धरू नये.

आता निवाडा करायचाच तर. पनवेल, खारघर, कर्जत, खोपोली, तळेगाव या पट्ट्यात राहणारं घर, स्वतःचं वाहन, सात ते चौदा वर्षांची मुलं, आणि नवरा-बायकोपैकी एकाला तरी आठवड्याच्या मधल्या दिवशी सुट्टी. अशा घराला पास तिकिटाच्या अडीचपटीपर्यंत असला तरी घ्यावा. सात वर्षांखालच्या मुलाला उंचीच्या पट्टीमुळे निम्म्या राइड बंद, आणि पंधरानंतर मुलं आई-वडिलांबरोबर यायची थांबतात. मधली सात-आठ वर्षं पासाची. त्यातही सलग दोन वर्षं घेऊ नये. पार्कात नवीन राइड दर वर्षी येत नाही.

वॉटर पार्कची गोष्ट वेगळी आहे, एस्सेलवर्ल्ड थांबून वॉटर किंग्डम चालू राहिलं ते उगाच नव्हे. राइडवर दोनदा बसलं की तिचं नवल संपतं, पाण्याचं संपत नाही. उन्हाळ्यात पाण्यात जायचं कारण दर आठवड्याला नव्यानं तयार होतं. ठाण्याचं सूरज, विरारचं ग्रेट एस्केप, लोणावळ्याचं वेट अँड जॉय इथे माणसं तेच तेच करायला पुन्हा जातात. वर्षभराच्या पासाऐवजी मार्च ते जूनचा हंगामी पाण्याचा पास कुणी मनापासून विकला तर मराठी घरात तो खपेल असं मला वाटतं. किमतींच्या चढण्यात कराचंही थोडं आहे. जीएसटी आला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, थीम पार्कच्या तिकिटावर २८ टक्के कर होता, तो जानेवारी २०१८ पासून १८ वर आला. दरवाढीचं खापर सरकारवर फोडताना ती कपात तिकिटात किती उतरली, हेही विचारायला हवं.

सोलापूर, सांगली किंवा उमरठ इथून येणाऱ्यानं पास घेऊ नये. त्याच्यासाठी पार्कांनी वेगळी वस्तू काढायला हवी, सलग दोन दिवसांचं तिकीट, दुसरा दिवस निम्म्या दरात, आणि जवळ साध्या मुक्कामाची सोय. लांबून आलेला माणूस एकदाच येतो, पण आलाच आहे तर एक दिवस जास्त राहायला तयार असतो. त्याला वर्षभराचं स्वप्न विकण्यात पार्काचाही फायदा नाही. पुढच्या वर्षी तो आपल्या भावकीला सांगतो की पास फुकट गेला.

किमती वरच जातात असंही नाही. पुण्याच्या आंबेगावात बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या कल्पनेतली शिवसृष्टी आहे, फेब्रुवारी २०२३ मध्ये तिचा पहिला टप्पा खुला झाला. इतिहासाचं थीम पार्कच म्हणायचं. तिथलं सहाशे रुपयांचं तिकीट २०२५ मध्ये एका मोठ्या देणगीमुळे पन्नास रुपयांवर आलं. त्या दरात पाससुद्धा नको, दर महिन्याला जावं. रायगड किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट पंचवीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. रोपवेनं गेलं तर खर्च वाढतो, चित् दरवाजानं चढलं तर फक्त गुडघे दुखतात. आणि जानेवारी २०२० मध्ये ‘तान्हाजी’ चित्रपट आला तेव्हा ज्या गावाच्या गोष्टीवर मल्टिप्लेक्सनं तीन-तीनशेची तिकिटं विकली, त्या उमरठला तानाजीची समाधी बघायला कुणी पैसे मागत नाही. इतिहासाची आणि रोलर कोस्टरची बरोबरी होत नाही हे मला कळतं. मुलांना नायट्रोच हवा असतो. किल्ल्यावर नेऊन त्यांची समजूत काढता येत नाही, आणि काढूही नये.

उमरठच्या मुलाला नायट्रो दाखवायचा असेल तर खरा स्वस्त रस्ता शाळेच्या सहलीचा आहे. शाळेनं प्रासंगिक करारावर एसटी घेतली तर भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळते, मोठ्या गटाला पार्कही तिकिटात सूट देतं, आठवड्याच्या मधल्या दिवशी रांगा कमी असतात आणि चाळीस-पंचेचाळीस मुलांत भाडं वाटलं की माणशी खर्च घरच्या सहलीच्या निम्म्याहून खाली येतो. पहाटे चारला निघालं तर दहाच्या आत पार्काच्या दारात. एका शिक्षकानं उंचीची पट्टी आधी विचारून घ्यावी, नाहीतर पाचवीतली निम्मी पोरं नायट्रोच्या रांगेतून परत पाठवली जातात आणि दिवसभर रुसतात. सहलींचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी, सगळ्या शाळांना तेच दिवस हवे असतात, तेव्हा महाड आगारात गाडीचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी दिलेला बरा.